खरी नक्कल : संगणकाच्या इतिहासातील एक प्रकरण

'नक्कल' या शब्दाच्या वाट्याला आपल्या भाषेत मोठे चमत्कारिक नशीब आलेले आहे. शाळेत नक्कल करणारा मुलगा शिक्षेस पात्र ठरतो. आणि तोच मुलगा पुढे संसारी होऊन तहसील कचेरीत गेला, म्हणजे नक्कल मिळावी म्हणून रीतसर अर्ज करतो, फी भरतो आणि बाकावर तिष्ठत बसतो. शेवटी जो कागद हाती पडतो त्यावर 'खरी नक्कल' असा शिक्का आणि खाली अधिकाऱ्याची सही असते. हे दोन शब्द असे शेजारी शेजारी बसलेले पाहून आपल्याला हसू येत नाही. कारण आपण मनोमन जाणतो की, कोणी तरी मूळ कागद समोर ठेवला, काय उतरावयाचे आणि कोठे थांबावयाचे हे ठरविले, आणि त्याची जबाबदारी सहीनिशी अंगावर घेतली; म्हणून ती नक्कल खरी.

आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे तो याच कृतीचा इतिहास. मात्र तिचे ठिकाण कारकुनाचे टेबल नव्हे, संगणकाची आज्ञावली हे आहे. एका वस्तूचे गुणधर्म दुसऱ्या वस्तूत उतरविणे, एवढेच तिचे बाह्य स्वरूप. आज हे काम एका ओळीत होते. तथापि या एका ओळीमागे साठ वर्षांचा विचार आहे, काही घोटाळे आहेत आणि एक चोरवाटही आहे. नक्कल ही यांत्रिक कृती आहे असे आपण समजतो. वास्तविक ती निवडीची कृती असते. लिहिणाऱ्याने जी निवड समजून उमजून केली नाही, ती त्याच्या वतीने यंत्र करून टाकते, आणि तिची भरपाई मात्र तिसऱ्याच कोणाला करावी लागते. हा आजच्या व्याख्यानाचा मुख्य मुद्दा आहे.

प्रथम 'वस्तू' म्हणजे काय ते पाहू. एखाद्या वाचनालयातील सभासदाची नोंद घ्या. तीत त्याचे नाव असते, क्रमांक असतो, पत्ता असतो, नेलेल्या पुस्तकांची यादी असते. ही सर्व नोंद म्हणजे संगणकाच्या परिभाषेतील एक वस्तू, आणि नाव, क्रमांक, पत्ता, यादी हे तिचे गुणधर्म. आता समजा, सभासदाचा मुलगाही सभासद झाला. पत्ता तोच, आडनाव तेच. तेव्हा ग्रंथपाल म्हणतो, नवी नोंद मुळापासून कशाला लिहा? वडिलांची नोंद उतरवून घेऊ आणि दोन ठिकाणी दुरुस्ती करू. हा विचार कोणासही शहाणपणाचाच वाटेल. आपल्या विषयाची सगळी गुंतागुंत येथूनच सुरू होते.

संगणकावर या प्रश्नाचा पहिला ठळक आविष्कार झाला तो चित्रकलेच्या निमित्ताने. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये आयव्हन सदरलँड या तरुणाने १९६३ साली आपल्या पीएच.डी.साठी 'स्केचपॅड' नावाची प्रणाली सादर केली. लिंकन प्रयोगशाळेतील टीएक्स-२ या संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणीने रेघा ओढाव्यात आणि यंत्राने त्या समजून घ्याव्यात, अशी ती योजना होती. तीत एक मूळ आकृती काढून ठेवता येई आणि तिच्या हव्या तितक्या प्रती पडद्यावर मांडता येत. मूळ आकृतीत फेर केला की सर्व प्रतींत तो आपोआप दिसे. म्हणजे या प्रती नावाच्याच प्रती होत्या. त्यांचा प्राण मूळ आकृतीत होता. मुळाशी नाते राखणारी प्रत आणि मुळापासून सुटलेली प्रत या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हा भेद स्केचपॅडमध्ये डोळ्यांना दिसू लागला.

त्याच दशकात नॉर्वेत दुसरी वाट पडत होती. ओस्लो येथील नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगोर हे दोघे 'सिम्युला' नावाची भाषा घडवीत होते. प्रत्यक्ष जगातील व्यवहार संगणकावर हुबेहूब चालवून पाहावेत, हा त्यांचा हेतू. त्यांच्यापुढे एक उदाहरण होते पुलावरच्या टोलनाक्याचे. नाक्यावर वाहनांची रांग लागली आहे. तीत बसगाड्या आहेत, ट्रक आहेत. दोहोंत बरेचसे गुण समान, थोडे वेगळे. मग समान गुण दोनदा का लिहावेत? यावर त्यांनी १९६७ मध्ये जे उत्तर दिले ते असे: समान गुणांचा एक 'वर्ग' लिहावा, आणि बसचा किंवा ट्रकचा वर्ग लिहिताना त्याच्या आधी या सामान्य वर्गाचे नाव जोडावे. तेवढ्याने सामान्य वर्गाचे सर्व गुणधर्म नव्या वर्गास मिळतात. आपण ज्याला वारसा म्हणतो त्याचा हा संगणकातील जन्म. या कामाबद्दल दोघांना पुढे २००१ सालचे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. आणि लगेच पुढच्या वर्षी, २००२ मध्ये, दोघेही अवघ्या सहा आठवड्यांच्या अंतराने निवर्तले.

वारशाने एक प्रश्न मिटला. पण वर्गाच्या साच्यातून निघालेली एखादी वस्तू काही काळ वापरात राहून तिच्यात माहिती साचल्यावर तिची नक्कल करावयाची झाली, तर ती कशी करावी हा प्रश्न उरलाच. त्याचे स्पष्ट विवेचन 'स्मॉलटॉक' या भाषेत सापडते. कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ॲलन के, डॅन इंगल्स, ॲडेल गोल्डबर्ग प्रभृतींनी ती भाषा घडविली. १९८३ साली गोल्डबर्ग आणि डेव्हिड रॉबसन यांचा तिच्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात नकलेचे दोन प्रकार दिलेले आहेत, उथळ आणि खोल.

हा भेद समजण्यास आपण पुन्हा वाचनालयात जाऊ. नोंदीत नाव आणि क्रमांक प्रत्यक्ष लिहिलेले असतात. परंतु नेलेल्या पुस्तकांची यादी लांब असल्यामुळे ती वेगळ्या वहीत ठेवतात आणि नोंदीत फक्त 'यादी वही क्रमांक अमुक' एवढेच लिहितात. संगणकाच्या स्मृतीतही नेमके हेच घडते. मोठी गोष्ट एका जागी असते आणि वस्तूत केवळ तिचा ठावठिकाणा असतो. आता ग्रंथपालाने वडिलांची नोंद जशीच्या तशी उतरली, म्हणजे मुलाच्या नोंदीतही तोच वही क्रमांक आला. ही उथळ नक्कल. मुलाने कादंबरी नेली की ती वडिलांच्या यादीत चढते, आणि महिन्याभराने दंडाची चिठ्ठी वडिलांना येते. वडील बिचारे म्हणतात, मी तर वाचनालयाची पायरीही चढलो नाही!

यावर कोणी म्हणेल, मग वहीचीही नक्कल करा. ही खोल नक्कल. वही वेगळी झाली खरी. पण तीत वडिलांनी नेलेली सर्व पुस्तके उतरली. जन्मात ग्रंथालय न पाहिलेल्या मुलाच्या नावावर पहिल्याच दिवशी पाच पुस्तके चढली. उथळ चुकली, खोलही चुकली. खरे पाहता यादी कोरी द्यावयास हवी होती. आणि पत्त्याचे काय? कुटुंब घर बदलणार असेल तर पत्ता दोघांचा सामाईक ठेवणे बरे. मुलगा नोकरीनिमित्त परगावी जाणार असेल तर वेगळा बरा. हे यंत्रास कसे कळावे? ते जाणण्यास बाप-लेकांची माहिती हवी, वाचनालयाचे नियम हवेत. एकेका गुणधर्माचा असा न्याय करावा लागतो.

यानंतर विचाराला वेगळेच वळण लागले. वर्ग हवेतच कशाला, असा प्रश्न काही संशोधकांनी केला. १९८६ मध्ये हेन्री लीबरमन यांनी एका निबंधात हत्तीचे उदाहरण दिले. आपल्याला क्लाइड नावाचा एक हत्ती माहीत असतो. उद्या कोणी फ्रेड नावाच्या दुसऱ्या हत्तीबद्दल बोलू लागला, की आपण 'हत्ती' या अमूर्त कल्पनेची व्याख्या करीत बसत नाही. क्लाइडसारखाच असेल असे धरून चालतो, आणि जेथे फरक कळेल तेवढा लक्षात ठेवतो. पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, डेव्हिड उंगर आणि रँडल स्मिथ यांनी 'सेल्फ' या भाषेची कल्पना मांडली. तीत वर्ग नाहीत. हाताशी असलेली एखादी नमुना वस्तू घ्यावी, तिची नक्कल करावी आणि हवा तो बदल करावा. जो गुण वस्तूपाशी नसेल तो तिच्या 'पालक' वस्तूकडे विचारावा. थोडक्यात, काही गुण नकलेने आले आणि काही नात्याने. आपल्या वाडवडिलांच्या भाषेत बोलावयाचे तर वस्तूपाशी दोन तऱ्हेची मिळकत झाली: एक स्वकष्टार्जित, दुसरी वडिलार्जित.

ही कल्पना विद्यापीठांच्या आवारातच राहिली असती, तर आजच्या व्याख्यानाचे कारण उरले नसते. परंतु १९९५ च्या मे महिन्यात नेटस्केप या कंपनीत ब्रेंडन आईक यांना ब्राउझरसाठी एक भाषा घाईने तयार करून हवी, असे सांगण्यात आले. त्यांनी दहा दिवसांत तिचा पहिला नमुना उभा केला. सेल्फपासून त्यांनी नमुना वस्तूची कल्पना उचलली. डिसेंबरमध्ये त्या भाषेचे नाव जावास्क्रिप्ट असे जाहीर झाले. आज आपण रेल्वेचे तिकीट काढतो, बँकेचा शिल्लक आकडा पाहतो किंवा मुलांचा निकाल उघडतो, तेव्हा त्या पानामागे बहुधा हीच भाषा चालू असते. दहा दिवसांच्या घाईत घेतलेले निर्णय असे आपल्या घरापर्यंत येऊन पोहोचले आहेत.

त्या भाषेत वडिलार्जित मिळकतीची एक विशेष व्यवस्था आहे. साधारणपणे प्रत्येक वस्तूच्या कुळाच्या शेंड्याला एकच मूळ पुरुष असतो. त्याच्यापाशी जो गुण ठेवाल तो सर्व वंशजांना तत्काळ दिसतो. पण एका वस्तूचे गुण दुसरीत उतरवावेत, अशी तयार आज्ञा मात्र त्या भाषेत आरंभीची वीस वर्षे नव्हती. गरज तर पावलोपावली. मग ज्याने त्याने आपापली सोय केली. वस्तूच्या गुणांची मोजदाद करणारी एक रचना भाषेत होती. तिने एकेक गुण उचलावा आणि दुसरीकडे ठेवावा. पण ही रचना स्वकष्टार्जित आणि वडिलार्जित असा भेद करीत नसे, दोन्ही मोजी. भेद पाहावयाचा तर लिहिणाऱ्याने स्वतः पाहावा. २००५ साली सॅम स्टीफन्सन यांनी 'प्रोटोटाइप' नावाचा आयत्या आज्ञांचा संच प्रसिद्ध केला, त्यात गुण उतरविण्याची 'एक्स्टेंड' ही आज्ञा होती. २००६ मध्ये जॉन रेसिग यांच्या 'जेक्वेरी'तही त्याच नावाची आज्ञा आली आणि पुढे तिला खोल नकलेची जोडही मिळाली. हे संच अफाट लोकप्रिय झाले. एकेकाने आपल्या सोयीसाठी लिहिलेली नक्कल जगाची रीत होऊन बसली.

अखेरीस जून २०१५ मध्ये भाषेच्या अधिकृत प्रमाणात 'ऑब्जेक्ट असाइन' ही आज्ञा दाखल झाली. हे प्रमाण एक्मा या संस्थेची टीसी-३९ ही समिती ठरविते. तिने नियम नेमका केला. केवळ स्वकष्टार्जित गुण घ्यावयाचे. त्यांतलेही जे मोजदादीत धरले जातात तेवढेच. आणि नक्कल उथळ. यावर मतभेद होऊ शकतो. पण निवड कोणी केली आणि कोणती केली हे लिहून ठेवलेले आहे. कचेरीच्या शिक्क्याचे महत्त्व याहून वेगळे काय असते?

तथापि जुन्या नकला पुसल्या जात नाहीत. त्याची प्रचिती २०१८ साली दोन प्रकारांनी आली.

पहिला प्रकार गमतीचा वाटतो, पण बोधप्रद आहे. यादीच्या पोटात यादी असेल तर ती उलगडून सपाट करावी, अशी एक सोय समितीला भाषेत घालावयाची होती. नाव ठरले 'फ्लॅटन'. फायरफॉक्स ब्राउझरच्या चाचणी आवृत्तीत ती घालताच एक चालते संकेतस्थळ बिघडले. शोध घेता असे दिसले की, त्या स्थळावर 'मूटूल्स' हा जुना संच होता आणि त्याने पूर्वीच 'फ्लॅटन' नावाची स्वतःची आज्ञा सर्व याद्यांच्या मूळ पुरुषापाशी ठेवलेली होती. एवढ्याने काही अडले नसते. पण हा संच त्या मूळ पुरुषाचे गुण मोजदाद करून पानावरील घटकांच्या आपल्या वेगळ्या यादीत उतरवीत असे. भाषेच्या अंगच्या आज्ञा मोजदादीत येत नाहीत, बाहेरून घातलेल्या येतात. आता 'फ्लॅटन' भाषेच्याच अंगची झाली. संचाने तीवर आपली आज्ञा ठेवली तरी मोजदादीतून वगळलेपण तसेच राहिले. मोजदादीत ती दिसेना, म्हणून उतरली जाईना, आणि पान मोडले. बारा वर्षांपूर्वी जन्मलेल्या संचातील एका नकलेने जागतिक समितीला अडविले! नाव काय ठेवावे यावर बरीच थट्टामस्करीही झाली. शेवटी समितीने माघार घेतली आणि नाव आखूड करून 'फ्लॅट' ठेवले; २०१९ च्या प्रमाणात ते आहे. जुने पान बनविणारा कोठे आहे, जिवंत आहे की नाही, हे कोणास ठाऊक नसते. पण ते पान वाचणारे असतात. त्यांचे पान मोडू नये म्हणून समितीने आपला शब्द बदलला. सार्वजनिक जीवनात अशी माघार शोभून दिसते.

दुसरा प्रकार मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्याच वर्षी मॉन्ट्रियल येथील 'नॉर्थसेक' परिषदेत ओलिव्हिए आर्तो या संशोधकाने खोल नकलेतील एक भगदाड दाखवून दिले. ते समजण्यास तिसऱ्यांदा वाचनालयात जाऊ. सभासदत्वासाठी अर्ज येतो आणि कारकून अर्जातील प्रत्येक रकाना नोंदीत उतरवितो. एका लबाड अर्जदाराने आपल्या अर्जात छापील नसलेला एक रकाना हातानेच आखला. रकान्याचे नाव 'मूळ पुरुष', आणि त्याखाली लिहिले, 'हा कार्यवाह आहे'. सरळमार्गी कारकून खोल नक्कल करीत रकान्यामागून रकाना उतरीत चालला. 'मूळ पुरुष' हे नाव येताच तो नोंदीच्या मूळ पुरुषापाशी गेला आणि तेथे लिहून आला: हा कार्यवाह आहे. त्या क्षणापासून वाचनालयातील प्रत्येक सभासद, ज्याच्या नोंदीत विरुद्ध काही लिहिलेले नाही तो, कार्यवाह झाला. तिजोरीची किल्ली आता कोणीही मागावी.

जावास्क्रिप्टमध्ये त्या रकान्याचे नाव आहे 'प्रोटो', मागे-पुढे दोन दोन अधोरेषा देऊन लिहिलेले. बाहेरून आलेल्या मजकुरात ते नाव असेल आणि खोल नक्कल करणारी आज्ञा डोळे मिटून आत शिरत असेल, तर एका अनोळखी माणसाचे लिखाण सर्व वस्तूंच्या मूळ पुरुषापर्यंत पोहोचते. यास आद्यरूपाचे प्रदूषण म्हणतात. विहिरीत विष कालवावे तसेच ते आहे. दोष एकट्यादुकट्याच्या संचात नव्हता. जेक्वेरीने एप्रिल २०१९ मध्ये आपली 'एक्स्टेंड' आज्ञा दुरुस्त केली. 'लोडॅश' या बहुवापरातल्या संचालाही त्या सुमारास दुरुस्त्या कराव्या लागल्या. माहितीचे आलेख दाखविणाऱ्या 'किबाना' या प्रणालीत याच दोषाचा आधार घेऊन दूरच्या माणसास सर्व्हरवर आपल्या आज्ञा चालविता येतात, हेही २०१९ मध्ये सप्रमाण दाखविण्यात आले.

येथे इतिहासाची थट्टा पाहण्यासारखी आहे. स्मॉलटॉकच्या काळात उथळ नकलेचा दोष टाळावयाचा तर खोल जावे, असा उपाय होता. पुढे त्या खोलीतूनच चोर आत आला. कारण 'किती खोल' हा प्रश्न आपण सोडविला, पण 'कोणाच्या हातचे' आणि 'कोठपर्यंत' हे प्रश्न विचारलेच नाहीत. दुरुस्त्यांचे स्वरूप पाहिले तर ते अगदी साधे आहे. त्या एका नावाचा रकाना उतरू नये. मूळ पुरुषास कुलूप लावावे. किंवा जेथे परक्यांचा मजकूर साठवावयाचा तेथे मूळ पुरुष नसलेलीच वस्तू घ्यावी. यात बुद्धीची चमक फारशी नाही. अर्ज उतरण्यापूर्वी तो वाचावा, एवढीच जुनी शिस्त आहे.

खोल नकलेलाही पुढे अधिकृत रूप आले. त्यापूर्वी लोक वस्तूचा मजकूर करून तो पुन्हा वाचून घेत. पण त्यात तारखेची नुसती अक्षरे होत, वस्तूतील आज्ञा गळून पडत, आणि दोन वस्तू एकमेकींकडे बोट दाखवीत असल्या तर यंत्र हात टेकी. 'स्ट्रक्चर्ड क्लोन' ही आज्ञा २०२१ च्या अखेरीस ब्राउझरांत येऊ लागली आणि मार्च २०२२ पर्यंत सर्व प्रमुख ब्राउझरांत आली. ती तारखा जपते, एकमेकींकडे पाहणाऱ्या वस्तूही सांभाळते. पण वस्तूत आज्ञा असेल तर ती नक्कल करण्यास साफ नकार देते, आणि वस्तूचे कूळही उतरवीत नाही. हा नकार मला तिच्या कर्तबगारीइतकाच मोलाचा वाटतो. जे आपल्याला नीट उतरविता येत नाही ते अर्धवट उतरवून देण्यापेक्षा नाही म्हणणे, हे चांगल्या लेखनिकाचे लक्षण आहे.

श्रोतेहो, आपल्यापैकी बहुतेकांना आज्ञावली लिहावयाची नाही. मग हा इतिहास आपल्याला काय होय? आपल्या नावाच्या, जमिनीच्या, ठेवींच्या नोंदी आता यंत्रात आहेत. डिजिटल सहीचा सातबारा आपण घरबसल्या काढतो, म्हणजे खुद्द 'खरी नक्कल'च आता यंत्र देते. त्या सहीने एवढे कळते की कागद वाटेत बदललेला नाही. परंतु आतल्या नोंदी एका वस्तूतून दुसरीत उतरल्या तेव्हा कोणी काय निवडले, हे कोणत्याही सहीत दिसत नाही. तेथे कोणी तरी एक अनाम माणूस बसलेला असतो, आणि त्याच्यापुढे एक ओळ लिहावयाची असते. ती ओळ लिहिताना त्याने क्षणभर थांबून, काय माझे, काय वडिलार्जित आणि काय परक्याने आणून ठेवलेले, हे पाहिले की नाही, यावर बापाला आलेली दंडाची चिठ्ठीही अवलंबून असते आणि वाचनालयाची तिजोरीही. अशा माणसाच्या घाईवर आपण पैसे वाचवितो, आणि त्याच्या सावधपणाला मात्र दिरंगाई म्हणतो. आपल्या संस्थांसाठी, पतपेढ्यांसाठी, शाळांसाठी कोणी नोंदींचे काम करीत असेल, तर त्याने 'हे उतरवू की नको?' असे विचारल्यावर कंटाळू नका. त्याला उत्तर द्या. नक्कल खरी होते ती तेथे.